वंध्यकारी रसायने आणि पिकांवरील कोळी

वंध्यकारी रसायने म्हणजे किडीला थेट न मारता तिची प्रजननक्षमता नष्ट करणारी रसायने. टेपा, अफोलेट ही त्यांतली प्रमुख नावे. १९६०च्या दशकात लाल कोळ्यांवरही त्यांच्या चाचण्या झाल्या. आनुवंशिक द्रव्यावरच घाव घालणारी ही रसायने माणसालाही घातक, म्हणून ती शेतापर्यंत आली नाहीत आणि ते योग्यच झाले. शिवाय दोन ठिपक्यांच्या लाल कोळ्याची मादी नराविनाही अंडी घालते. त्यांतून फक्त नर निपजतात. त्यामुळे नुसते नर वंध्य करून अंडी घालणे थांबत नाही.

आजच्या कोळीनाशकांपैकी काहींचे काम याच्या जवळ जाणारे आहे. हेक्झिथायाझॉक्स व इटोक्साझोल यांचा फवारा बसलेल्या मादीची अंडी सहसा उबत नाहीत. स्पायरोमेसिफेनने ती अंडीच कमी घालते. मोठे कोळी मात्र लगेच मरत नाहीत. दुसऱ्या दिवशी वांग्याचे पान पालथे करून पाहावे, तर जाळीत कोळी फिरतच असतात. औषध लागू पडले नाही असे समजून लगोलग तेच पुन्हा फवारले, की प्रतिकारक्षम पिढ्या वाढीला लागतात.

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनमध्ये तूर घेतात. या तुरीवरच्या एका कोळ्यापुढे फवारणीचा उपाय तोकडा पडतो. असेरिया कजानी हा जेमतेम ०.२ मि.मी.चा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कोळी वांझ रोगाचा विषाणू वाहून आणतो. शेजारची झाडे शेंगांनी लगडून वाळू लागतात, तेव्हा रोगट झाड झुडपासारखे हिरवेच उभे असते: पाने बारीक, फिकट, चट्ट्यापट्ट्यांची, फुले जवळजवळ नाहीतच. पेरणीनंतर ४५ दिवसांच्या आत लागण झाली तर त्या झाडाचे पीक हातचे गेलेच. कोळी वाऱ्यावर येतो आणि लक्षणे दिसेपर्यंत विषाणू झाडात भिनलेला असतो; मग कोळ्याची अंडी रोखूनही ते झाड सुधारत नाही.

म्हणून इथे खरा आधार वाणाचा. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीएसएमआर-७३६ व बीएसएमआर-८५३ हे वाण या रोगाला प्रतिकारक म्हणूनच निवडले गेले. त्याच्या जोडीला रोगट झाडे दिसताच उपटावीत, आणि बांधावरची आपोआप उगवलेली तूर व खोडवा पेरणीआधी काढून टाकावा; उन्हाळाभर कोळी व विषाणू दोन्ही त्यांच्यावरच तग धरतात.