सान मार्को चौकातील मिरवणूक

व्हेनिसचा चित्रकार जेंतीले बेल्लीनी (मृत्यू १५०७) याने १४९६ मध्ये रंगवलेले, सात मीटरांहून अधिक रुंदीचे कॅनव्हासचित्र. सान जोव्हान्नी एव्हांजेलिस्ता या धार्मिक बंधुसंघाला १३६९ मध्ये येशूच्या क्रूसाचा मानला जाणारा लाकडाचा तुकडा भेट मिळाला होता. त्याच्या चमत्कारांच्या चित्रमालिकेतले हे एक. प्रसंग २५ एप्रिल १४४४ चा, संत मार्कच्या सणाचा. पांढऱ्या झग्यांतले संघबंधू मेणबत्त्या घेऊन चालले आहेत, मधोमध चांदव्याखाली क्रूसाचा अवशेष आहे. चांदव्याच्या मागे तांबड्या वस्त्रातला एक माणूस गुडघे टेकून बसलेला दिसतो, तोही शोधावा लागतो. हा ब्रेशाचा व्यापारी याकोपो दे सालिस. त्याच्या मुलाची कवटी फुटली होती, आणि बापाने या अवशेषाला केलेल्या नवसाने तो मुलगा वाचला अशी श्रद्धा.

चमत्कार असा गर्दीत हरवतो, आणि मागे सान मार्कोचे चर्च मात्र सगळा पट व्यापते. म्हणून या चित्राचे खरे मोल वास्तूच्या पुराव्यात आहे. दर्शनी कमानींतली जुनी कुट्टिमचित्रे (मोझाइक) पुढे एकेक करून बदलली गेली. सर्वांत डावीकडच्या सांत आलिपिओ दारावरचे तेराव्या शतकातले तेवढे उरले. त्यात संत मार्कचा देह चर्चमध्ये नेत आहेत, म्हणजे मिरवणुकीच्या चित्रात आणखी एक मिरवणूक. उरलेले हे काम बेल्लीनीच्या नकलेशी ताडून पाहता येते, ती जुळते, आणि नष्ट झालेल्यांबाबतही त्याच्यावर विसंबता येते. यावर आक्षेप असा, की त्याने घंटामनोरा मूळ जागेवरून उजवीकडे सरकवला; मग बाकीच्यावर विश्वास का ठेवावा? पण मनोरा जागेवर ठेवला असता तर दोजेचा, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचा, प्रासाद झाकला गेला असता. फेरफार इमारतींच्या मांडणीत आहे, त्यांच्या अंगोपांगांत नाही. दुसरा आक्षेप काळाचा, आणि तो मान्य करावा लागतो : चौक १४४४ चा नसून चित्रकाराच्या डोळ्यांसमोरचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तोच हवा असतो. जमिनीवरची विटांची फरसबंदी आणि दारावरचे सोनेरी घोडे ऐकीव माहितीवर रंगवलेले वाटत नाहीत.

मालिकेतील पेरुजीनोचे चित्र नष्ट झाले. कार्पाच्चो, मान्सुएती आदींची चित्रे याच चित्रासह व्हेनिसच्या आकादेमिया संग्रहालयात आहेत.