फुटलेली तारवे आणि जकातीचे कागद

सुरतेतील इंग्रजांचा इतिहास बहुधा १६०८ साली कॅप्टन हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून येथे उतरला तेथून सांगितला जातो. त्याच्यामागून वर्षभराने निघून आलेले कंपनीचे 'असेन्शन' हे जहाज सुरतेस पोहोचलेच नाही. त्यामुळे त्याला या कथनात एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. वास्तविक आपल्या किनाऱ्यावर फुटलेल्या तारवांपैकी इतकी तपशीलवार हकीकत क्वचितच एखाद्याची लिहिली गेली असेल.

अलेक्झांडर शार्पे हा या जहाजावरील प्रमुख. मार्च १६०८ मध्ये इंग्लंड सोडून, एडन व मोखा ही बंदरे करून, १६०९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस ते खंबायतच्या आखाताच्या मुखाशी आले. सौराष्ट्रातील महुवा येथे (आपल्या सुरत जिल्ह्यातील महुवा नव्हे) थोडक्या मोबदल्यात वाट दाखविणारा माहितगार मिळण्यासारखा होता. जहाजाच्या मास्टरने तो नाकारला. पुढे पाणी उथळ होत गेले, जहाज वाळूच्या दांड्यावर आदळले आणि सुकाणू निखळले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सत्तरएक माणसे दोन होड्यांत उतरली. त्यांना तापीच्या मुखाकडे यायचे होते. परंतु ती लागली दक्षिणेस, गणदेवीच्या खाडीत. तेथील अंमलदाराने त्यांना सौजन्याने वागविले. सुरतेत मात्र त्यांना शहरात राहू दिले गेले नाही. बाहेरच्या गावात दिवस काढावे लागले. नंतर कोणी आग्र्यास गेले, कोणी वाटेतच मेले. रॉबर्ट कव्हर्ट हा खुष्कीने कंदाहार, इस्फहान, बगदाद करीत स्वदेशी परतला व १६१२ साली त्याने आपला वृत्तान्त छापला. जॉन जूर्डेनची रोजनिशी १९०५ मध्ये हॅक्लूट सोसायटीने प्रसिद्ध केली.

माहितगार नाकारणाऱ्या मास्टरवर दोष ठेवून हे लेखक मोकळे होतात, आणि त्यात तथ्यही आहे. या आखातात भरती-ओहोटीचे अंतर काही ठिकाणी दहा मीटरांहून अधिक असते, प्रवाह वेगवान असतो आणि वाळूचे दांडे जागा बदलतात. नकाशापेक्षा तेथील खलाशाचा अनुभव अधिक खरा, हे सुवाळीच्या कोळ्याला सांगावे लागत नाही.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की ही हकीकत टिकली ती मालामुळे. जहाजात कंपनीची रोकड होती, तिचा जाब द्यायचा होता. म्हणून कागद झाले, आणि कागद झाले म्हणून आज चार शतकांनंतर आपण ते वाचतो. ज्या देशी गलबतावर कोणा परक्या कंपनीचा माल नव्हता, ते त्याच दांड्यावर फुटले तर त्याची नोंद कोण करणार?

फुटलेल्या तारवावर हक्क कोणाचा, हा प्रश्न शिवाजी महाराजांच्या दरबारातही आला होता. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्सिंडेनने जी कलमे मांडली, त्यांत किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची जहाजे व माल परत मिळावा असे एक कलम होते. निराजीपंतांनी उत्तर सांगितले, की वादळाने किनाऱ्यास लागलेले तारू परत देणे हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. तुम्हांस दिले तर फ्रेंच, डच व इतर व्यापारीही तेच मागतील. हे उत्तर राज्यकर्त्याचे आहे आणि त्यात सौदागरीची चांगली समजही आहे. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने मूळ मालकास वर्षभर हक्क सांगण्याची मुभा दिली होती; कोणी न आल्यास माल सरकारजमा होत असे. दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान दिसते. अंमलदार मालाची मोजदाद करतो.

माणसांची मोजदाद मात्र वादग्रस्तच राहते. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छ-मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' आगबोट, म्हणजे गुजरातेत ज्ञात असलेली 'वीजळी', सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तुफानात नाहीशी झाली. सरकारी आकडा सातशेच्या वर, लोकगीताचा तेराशे. तिचे अवशेष अद्याप हाती आलेले नाहीत.

समुद्रतळाचा शोध आता शास्त्रीय पद्धतीने होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, तोफा मिळाल्या. सेंट जॉर्ज खडकापाशी तर बासेल मिशनच्या १८६५ च्या कारखान्याची कौले आणि विटा सापडल्या व त्यांवरील छापावरून काळ ठरला. आपल्याकडील गढूळ, वेगवान पाण्यात पाणबुड्याला हातभर अंतरावरचे दिसणेही कठीण, त्यामुळे येथे काम कागदापासूनच सुरू करावे लागेल.

आणि ते कागद आपल्यातीलच आहेत. ज्या गणदेवीत शार्पेची माणसे उतरली ते पुढे गायकवाडी मुलखात आले व १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत नवसारी प्रांताचा महाल होते. बिलिमोऱ्याचे बंदर त्याच प्रांतातले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे पूर्वज या मुलखात कारकून, फडणीस, जकातदार होते. गलबत फुटल्याची नोंद स्वतंत्र दप्तरात शोधण्यात अर्थ नाही. ती असलीच तर जकात माफ केल्याच्या, वाहून आलेले लाकूड लिलावात विकल्याच्या, किंवा खलाशाच्या विधवेस काही दिल्याच्या हिशेबात, मोडीतील एका ओळीत असेल. बडोद्याच्या अभिलेखागारातील दप्तर सुरक्षित आहे. घरच्या माळ्यावरील रुमालांची स्थिती तशी नाही, आणि मोडी वाचणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. तेव्हा रद्दीवाल्यास देण्यापूर्वी प्रत्येक रुमाल एकदा उलगडावा, नवसारी प्रांताचे, विशेषतः गणदेवी व बिलिमोऱ्याचे, कागद वेगळे काढावेत आणि त्यांत तारू, गलबत, तुफान हे शब्द दिसले तर त्या पानाची छायाप्रत मंडळाकडे द्यावी.