करमरकर, विनायक पांडुरंग
करमरकर, विनायक पांडुरंग (१८९१–१९६७). नानासाहेब करमरकर या नावाने परिचित असलेले मराठी शिल्पकार. जन्म अलिबागजवळील सासवणे येथे. त्यांनी भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहून ऑटो रॉथफील्ड या गुणग्राही कलेक्टरांनी त्यांना मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत धाडले. करमरकरांनी घडवलेला पुण्यातील शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा (१९२८) मुंबईत कांस्यात, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूत, ओतला गेला. त्यांची कीर्ती मुख्यत्वे त्यावरच उभी असली, तरी शंख फुंकणाऱ्या स्त्रीचे ‘शंखध्वनी’ हे शिल्प आणि सासवण्याच्या राहत्या घरी, आता संग्रहालयात, असलेली सिमेंटमधील माणसे व जनावरे अधिक जिवंत वाटतात, कारण सिमेंटसारख्या रुक्ष द्रव्यातही कातडीचा सैलपणा त्यांनी अचूक पकडला आहे.