जमा, खर्च, बाकी

निजामी राजवटीत मराठवाड्याच्या पोरांची पदवीची वाट हैदराबादला जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानियात शिकवत उर्दूतून. पुढे १९५८ साली औरंगाबादला विद्यापीठ झालं, १९९४ साली नांदेडला. पदवी घराजवळ आली. बीबीएची पुस्तकं मात्र इंग्रजी. डेबिट, क्रेडिट घोकणारी नांदेड-लातूरची मुलं मला भेटतात. मी म्हणतो, बाबांनो, आडतीवरची सोयाबीनची पट्टी वाचा. हमाली, तोलाई वजा जाऊन हाती काय उरतं, ते तिच्यात असतं. जमा, खर्च, बाकी, वसूल... अरबी-फारसीतून आलेले हे शब्द कधीचेच मराठी झालेत. परीक्षेत ते विचारत नाहीत. पण घरी बाप पट्टी वाचून घेतो, तो यांच्याकडूनच.