पडक्या शहरातील पाहुणा

एखाद्या शहरावर आपत्ती कोसळते, आणि ढिगारे पुरते उपसले जाण्यापूर्वीच तेथे बाहेरची माणसे येऊ लागतात. काही मदतीसाठी येतात, काही व्यापारासाठी येतात. आणि काही केवळ पाहावयास येतात. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांविषयी आपण सहसा चांगले बोलत नाही. ज्याचे घर पडले आहे त्याच्या दारात मौजेसाठी जाऊ नये, एवढे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. तथापि इतिहास वाचताना असे दिसते की, अशा रिकामटेकड्या पाहुण्याने जे ऐकून ठेविले ते पुष्कळदा सरकारी दप्तरात कोठेही सापडत नाही. लिस्बन शहराच्या उदाहरणावरून मी याविषयी बोलणार आहे. गोव्याच्या श्रोत्यांना हे शहर केवळ नकाशावरचे नाही. साडेचारशे वर्षे तेथून निघालेले हुकूम मांडवीच्या तीरावर उतरत होते.

लिस्बनचा भूकंप १ नोव्हेंबर १७५५ रोजी झाला. त्या दिवशी शनिवार होता, आणि सर्व संतांचा सण होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चे माणसांनी भरलेली होती, वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या, घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. धरणी काही मिनिटे हादरत राहिली. मोकळी जागा म्हणून लोक तेजू नदीच्या धक्क्याकडे धावले; थोड्याच वेळात समुद्राचे पाणी नदीत चढून आले आणि त्यांतील कित्येकांना घेऊन गेले. मग आग लागली, ती पाच-सहा दिवस विझली नाही. सुमारे २ लाख वस्तीच्या त्या शहरात किती माणसे मेली याविषयी एकमत नाही. ३० ते ४० हजार हा आकडा बहुधा दिला जातो. काही अभ्यासक तो पुष्कळ कमी धरतात. राजवाडा गेला, त्यातील ७० हजार ग्रंथांचा संग्रह गेला, त्याच वर्षी वसंत ऋतूत उघडलेले भव्य संगीत-नाट्यगृह गेले. हिंदुस्थानच्या व्यापाराची दप्तरे ज्या ‘कासा द इंडिया’मध्ये होती, ती इमारतही गेली, त्यामुळे पडलेली उणीव पोर्तुगीजांच्या येथील इतिहासाचा शोध घेणाऱ्यांस आजही जाणवते.

युरोपात ही वार्ता पसरताच शहराची चित्रे निघू लागली. ज्यांनी लिस्बन कधी पाहिले नव्हते अशा चित्रकारांनीही कोसळणारे मनोरे आणि उसळणाऱ्या लाटा रेखाटून विकल्या. १७५७ साली मात्र पॅरिसमध्ये ल बा नावाच्या कोरक्याने सहा चित्रांचा एक संच प्रसिद्ध केला. त्याची मूळ रेखाटने प्रत्यक्ष लिस्बनमध्ये काढलेली होती, आणि त्यांत नाट्यगृहाचे, कॅथेड्रलचे, संत निकोलस व संत पॉल यांच्या चर्चांचे अवशेष होते. ती चित्रे देखणी आहेत. नको इतकी देखणी आहेत, असे मी म्हणेन. रोमच्या प्राचीन भग्नावशेषांची चित्रे दिवाणखान्यात लावण्याची तेव्हा युरोपातील धनिकांत हौस होती, आणि दोन वर्षांपूर्वी माणसे जेथे चिरडून मेली त्या भिंतीही त्याच दृष्टीने पाहिल्या गेल्या.

अशा काळात, १७६० च्या ऑगस्टअखेरीस, ज्युझेप्पे बारेत्ती नावाचा एक इटालियन गृहस्थ लिस्बनला उतरला. तो लंडनमध्ये राहून भाषा शिकवीत असे; डॉ. जॉन्सन यांच्या स्नेहमंडळात त्याची ऊठबस होती, आणि इंग्रजी-इटालियन शब्दकोश त्याने नुकताच सिद्ध केला होता. कित्येक वर्षांनी तो मायदेशी निघाला होता, आणि वाटेत पोर्तुगाल व स्पेन पाहून जावे एवढाच त्याचा हेतू होता. भूकंपाला तेव्हा पाच वर्षे पुरी होत आली होती. तरीही नुसत्या ढिगाऱ्यांतून त्याला पुष्कळ हिंडावे लागले. बारेत्ती काही साधुपुरुष नव्हता. त्याची जीभ तिखट होती आणि पोर्तुगीजांविषयी त्याने बरेच वाकडे लिहिले. आपल्या भावांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात त्याने हा प्रवास इटालियनमध्ये छापावयास घेतला, तेव्हा पोर्तुगीज वकिलाच्या तक्रारीमुळे ते काम बंद पडले. १७७० साली सबंध वृत्तांत इंग्रजीत निघाला.

त्या वृत्तांतात एक म्हातारी आहे. बारेत्ती पडक्या घरांतून चालला असता तिने होऊन त्याचा हात धरला आणि जवळचे एक तळघर दाखविले. पूर्वी ते नुसते तळघर होते, आता तेच तिचे घर होते. भूकंपात वरचे घर कोसळले आणि ती खाली नऊ दिवस कोंडली गेली. छताला टांगून ठेविलेली द्राक्षे खाऊन ती जगली. नवव्या दिवशी डोक्यावर ढिगारा उपसणाऱ्यांची चाहूल लागली. तिने हाका मारल्या, आणि तिला बाहेर काढण्यात आले. त्या अंधारात तुझ्या मनात काय येत होते, तुला भीती वाटली काय, असे बारेत्तीने तिला विचारले. भीती मुळीच वाटली नाही, असे ती म्हणाली. लिस्बनमध्येच जन्मलेल्या संत आंतोनचा तिने धावा केला होता, आणि तो सोडविणार याविषयी तिला संशय नव्हता. पण आपण काय मागत आहो हे तेव्हा कळले नाही, असेही ती पुढे म्हणाली. घरात एकंदर तेरा माणसे होती, त्यांतील ती एकटी उरली होती. त्याच वेळी मरण आले असते तर बरे झाले असते, असे तिचे म्हणणे होते.

तिने परक्या माणसाचाच हात का धरला असावा? ऐकावयास घरचे कोणी उरले नव्हते हे एक कारण उघड आहे. मला दुसरेही दिसते. पाच वर्षांनंतर त्या गावात ज्याच्या त्याच्या घरी मेलेली माणसे होती. आपले दुःख शेजाऱ्याला पुन्हा काय सांगावयाचे? नवखा माणूसच ते पहिल्यांदा ऐकणारा असतो. बारेत्तीने तिला उपदेश केला नाही. त्याने प्रश्न विचारला आणि तो उत्तरासाठी थांबला.

सरकारनेही प्रश्न विचारले होते, हे सांगितले पाहिजे. राजा जुझे याचा मंत्री कार्व्हाल्यू, जो पुढे पोंबालचा मार्की म्हणून प्रसिद्ध झाला, त्याने १७५६ च्या आरंभी राज्यातील प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूकडे १३ प्रश्न पाठविले. कंप किती वाजता सुरू झाला व किती वेळ टिकला? किती घरे पडली, किती माणसे मेली? समुद्र आधी ओसरला की आधी चढला, आणि किती वीत चढला? विहिरी-झऱ्यांच्या पाण्यात काय फरक पडला? भूकंपाच्या शास्त्राला अशा टिपणांचा फार उपयोग झाला आहे, आणि धर्मगुरूंनी पाठविलेल्या उत्तरांपैकी बरीच आजही लिस्बनच्या दप्तरखान्यात आहेत. वर्गात भूकंपाचा धडा शिकविताना मी मुलांना हे प्रश्न मुद्दाम सांगतो, कारण निरीक्षण कशाला म्हणतात ते त्यांवरून चटकन कळते. परंतु त्या तेरा प्रश्नांत म्हातारीच्या तेरा माणसांना एका आकड्यापलीकडे जागा नव्हती.

याच सुमारास गाब्रिएल मालाग्रिदा या वृद्ध जेझुइट धर्मगुरूने एक पुस्तिका छापली. हा भूकंप केवळ पापाचे शासन आहे. झोपड्या बांधीत बसण्यापेक्षा प्रायश्चित्त घ्या, असा तिचा आशय होता. डोक्यावर छप्पर नसलेल्यांना ते सांगणे कठोर होते. पण त्याचे पुढे जे झाले ते त्याहून कठोर होते. पोंबालने त्याला हद्दपार केले, मग तुरुंगात टाकले, आणि १७६१ साली गळा आवळून त्याचा जीव घेण्यात आला.

शहर मात्र उभे राहिले. मानुएल द माइया हा मुख्य इंजिनिअर तेव्हा ७८ वर्षांचा होता. राज्याचे दप्तर त्याने ढिगाऱ्यातून वाचविले, आणि भूकंपानंतर महिनाभरातच पुनर्रचनेचे निरनिराळे पर्याय कागदावर मांडले. नदीकाठच्या सखल भागात सरळ, रुंद रस्ते आखले गेले. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा बसविण्याची पद्धत आली, म्हणजे धक्का बसला तरी घर एकदम ढासळू नये. रस्त्यांना सोनारांचा, चांभारांचा अशी धंद्यांवरून नावे देणारा हुकूम ५ नोव्हेंबर १७६० चा, म्हणजे बारेत्ती तेथून गेल्यानंतर दोनच महिन्यांचा आहे. राजा स्वतः मात्र दगडी छपराखाली पुन्हा राहावयास गेला नाही. १७७७ साली मरेपर्यंत तो आजुदाच्या टेकडीवरील लाकडी वाड्यात राहिला. १७७५ साली नदीकाठच्या चौकात त्याच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा चौकाची बाजू अपुरी होती, म्हणून लाकूड व रंगविलेले कापड लावून ती पुरी भासविण्यात आली. पाहुण्यांना काय दिसावे याची काळजी असा प्रकारे आता शहरच घेऊ लागले होते.

कार्मो नावाच्या मठाचे चर्च तेवढे बिनछपराचे राहिले. त्याची दुरुस्ती सुरू झाली होती. परंतु १८३४ साली पोर्तुगालमधील मठसंस्था बंद करण्यात आल्या आणि काम थांबले. १८६४ पासून तेथे पुराणवस्तूंचा संग्रह आहे, आणि उघड्या कमानींखाली प्रवासी आकाशाची छायाचित्रे घेतात.

मठ बंद करण्याचे तेच धोरण पुढच्या वर्षी जुन्या गोव्यात येऊन पोचले, आणि संत ऑगस्टीनच्या मठातील साधूंना टेकडी सोडावी लागली. १८४२ साली त्या चर्चचे छत कोसळले. तेथे भूकंप झालेला नव्हता. रोगराईने ते शहर आधीच ओस पडत चालले होते. १७५९ पासून व्हाइसरॉय पणजीला राहू लागले होते, आणि लिस्बन उभारणाऱ्या पोंबालने १७७४ साली जुने गोवे पुन्हा वसविण्याचा हुकूम काढला तो फळास आला नाही. आज सहलीची मुले त्या अर्ध्या बुरुजापुढे उभी राहतात. येथे काय झाले होते, असे ती विचारतात. हात धरून तळघर दाखवील असे कोणी जवळपास राहत नाही. त्या बुरुजातील मोठी घंटा १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये चढविण्यात आली, आणि ती तेथेच आहे.