डावा हात वेगळा का? ड्रमच्या काड्यांच्या पकडीचा मागोवा

ड्रमवर बसलेल्या दोन वादकांचे हात आपण शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर पुष्कळदा एक फरक चटकन नजरेत भरतो. एकाचे दोन्ही हात सारखे असतात. तळवे खाली वळलेले, काडी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरलेली, बाकीची बोटे तिच्याभोवती सैल मिटलेली. दुसऱ्याचा उजवा हात असाच असतो, पण डावा पार निराळा. तळवा आतल्या बाजूला वळलेला, काडी अंगठ्याच्या बेचक्यात रुतलेली, तर्जनी आणि मधले बोट तिच्यावर आणि अनामिका तिच्याखाली. पहिल्या पकडीला वादक ‘मॅच्ड ग्रिप’ म्हणतात, दुसरीला ‘ट्रॅडिशनल ग्रिप’. माणसाचे दोन हात एकमेकांची आरशातली प्रतिमा असताना एकाच वाद्यावर त्यांनी दोन वेगळ्या रीती का पत्कराव्यात, याचे उत्तर हाताच्या रचनेत सापडत नाही. ते सापडते सैनिकाच्या खांद्यावरच्या पट्ट्यात.

दोन्ही हात सारखे ठेवण्याची रीत नवी समजली जाते, पण ती मुळीच नवी नाही. पश्चिम आशियातले नगारे जोडीने वाजत. उंटाच्या किंवा घोड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नगारा बांधलेला असे आणि मध्ये बसलेला वादक दोन्ही हातांनी वरून खाली प्रहार करी. क्रूसेडच्या काळात या जोडीची छोटी, कमरेला बांधायची आवृत्ती युरोपात गेली. मोठे नगारेही मागोमाग पोचले. १४५७ साली हंगेरीचा राजा लाडिस्लाऊस याचे वकील फ्रान्सच्या राजकन्येला मागणी घालायला गेले, तेव्हा त्यांच्या लवाजम्यात घोड्यांवर असे नगारे होते आणि ते पाहून फ्रेंच लोक चकित झाले. ब्रिटनच्या राजेशाही घोडदळात आजही नगारावाले घोडे आहेत. लगाम स्वाराच्या रिकिबीला जोडलेला असतो, कारण त्याचे दोन्ही हात काड्यांसाठी मोकळे हवेत. इकडे अबुल फझलने अकबराच्या नक्कारखान्याचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तर पुण्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. या साऱ्या परंपरेत वाद्य वादकासमोर किंवा त्याच्या दोन्ही अंगांना समतोल ठेवलेले असे, म्हणून हातही समान राहिले.

पायदळाचा ढोल मात्र चालत्या माणसाचा होता. पंधराव्या शतकात स्विस पायदळाने बासरी आणि ढोल यांच्या तालावर कूच करण्याचा नावलौकिक मिळवला आणि पुढे युरोपभरच्या सैन्यांनी तो कित्ता गिरवला. १५८९ साली लांग्र या फ्रेंच गावातल्या धर्मोपदेशकाने, झां ताबूरो याने, तुआनो आर्बो या टोपणनावाने नृत्यावर एक ग्रंथ छापला. त्यात सैनिकी ढोलाचे वर्णन आहे: सुमारे अडीच फूट लांबीचे लाकडी पिंप, दोन्ही तोंडांना कातडे, आणि त्यावर वाजणारे पावलांचे हिशेब. एवढे धूड पोटावर घेऊन चालता येत नाही, गुडघे आपटतात. म्हणून पट्टा उजव्या खांद्यावरून तिरका घेऊन ढोल डाव्या मांडीशी लोंबता ठेवला जाई. असा लोंबणारा ढोल सरळ राहत नाही. त्याचे वरचे तोंड उजवीकडे उतरते होते आणि डावी कड वर उचलली जाते. आता डाव्या हाताने वरून काडी धरायची म्हटले, तर कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलून धरावे लागेल, आणि तेही मैलोन्‌मैल चालताना. त्यावर वादकांनी सोपी तोड काढली. तळवा फिरवला, काडी बेचक्यात घेतली, आणि मनगटाच्या गोल वळणाने प्रहार सुरू केला. कोपर बरगडीशी विसावले. ट्रॅडिशनल ग्रिपचा जन्म हा असा, एका उतारातून झाला. ही युक्ती पहिल्यांदा ज्याला सुचली, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, आणि ती एकाच माणसाला सुचली असेल असेही मला वाटत नाही. रेम्ब्रांने १६४२ साली ‘नाइट वॉच’ हे चित्र पुरे केले, त्याच्या उजव्या कडेला ढोलवाला उभा आहे आणि एक कुत्रा त्याच्या ढोलावर भुंकतो आहे. तोवर ढोलवाला नागरी पथकांचाही मान्य घटक झालेला होता.

जी गोष्ट हातांनी हातांना शिकवली होती, ती एकोणिसाव्या शतकात कागदावर उतरली. अमेरिकन मरीन दलातला चार्ल्स स्ट्यूअर्ट ॲशवर्थ याने १८१२ साली ढोलवादनाची पद्धत छापली आणि मूळ बोलांना ‘रूडिमेंट’ हे नाव दिले. १८१७ साली लंडनमध्ये सॅम्युएल पॉटरचे पुस्तक आले. अमेरिकन यादवी युद्ध पेटलेले असताना, १८६२ साली, ब्रूस आणि एमेट यांचे मार्गदर्शक निघाले. त्या युद्धात ढोलावर कोवळी पोरे असत आणि त्यांच्या ढोलावर छावणीचा दिवस चाले. या पोरांपैकी जे म्हातारे होऊन जगले, त्यांचे हात सॅनफर्ड मोलर या वादकाने पुढे बारकाईने पाहिले आणि १९२५ साली आपल्या पुस्तकात ती रीत मांडली. या सबंध इतिहासात मला सर्वांत मोलाचे पान हेच वाटते. त्या वृद्धांच्या हातांत जोर होता, पण आवळ नव्हती. उजव्या हातात काडीचा भार करंगळीकडे होता आणि प्रहार चाबकासारखा सैल मनगटातून येई. कातड्यावर पडलेली काडी स्वतःच उसळते. वादकाने ती उसळी अडवली नाही, तर पुढचा प्रहार अर्धा तयार मिळतो. मूठ आवळली की उसळी मुठीतच मरते, मग प्रत्येक प्रहाराला नव्याने कष्ट पडतात, हात दुखतो, बोटांना फोड येतात, आणि घामाने निसटणारी काडी आणखीच घट्ट धरली जाते. दिवसभर कूच करणाऱ्या पोराला हे दुष्टचक्र परवडणारे नव्हते.

मग ढोल खांद्यावरून उतरला. १८९८च्या सुमारास इंडियानापोलिसच्या युलिसिस लीडी याने वरखाली करता येणारा स्टँड काढला. १९०९ साली शिकागोत लुडविग बंधूंनी पायाने मोठा ड्रम वाजवण्याच्या पेडलचा कारखाना घातला, आणि एकच माणूस बसून अनेक ढोल वाजवू लागला. पट्टा गेला, उतार गेला. पकडही जायला हवी होती, पण ती गेली नाही. उलट जॅझच्या वादकांनी स्टँडवरचा ड्रम मुद्दाम उजवीकडे उतरता ठेवला, हाताच्या सवयीला शोभेल असा. हे हटवादी वाटले तरी त्यामागे कारण होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे बोल त्याच हाताने बसवलेले होते, आणि १९३३ साली स्थापन झालेल्या रूडिमेंटवादकांच्या राष्ट्रीय संघटनेने तेच बोल पक्के केले. मोलरचा शिष्य जीन क्रुपा याच पकडीने वाजवी. बडी रिचचा डावा हात तर आजही चित्रफितींतून थांबवून थांबवून अभ्यासला जातो.

९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स अमेरिकेत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात झळकले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि उंच चौथऱ्यावर बसलेला रिंगो स्टार दोन्ही हातांत काड्या सारख्याच पकडीने धरून वाजवत होता. नगारा वाजवणाऱ्यांनी आणि वाद्यवृंदातल्या टिंपनीवादकांनी ही पकड कधीच सोडलेली नव्हती, पण घराघरांतल्या मुलांनी ती त्या रात्री पाहिली. तरी सारे श्रेय रिंगोला देणे मला पटत नाही. गिटारी विजेवर गेल्या होत्या, आवाज वाढला होता, आणि डाव्या हाताला उजव्याइतकाच जड प्रहार करावा लागत होता. माइल्स डेव्हिससोबत नाजूक, ट्रॅडिशनल हाताने वाजवणारा टोनी विल्यम्सही सत्तरच्या दशकात मॅच्ड ग्रिपकडे वळला. सैनिकी परंपरेतून आलेल्या अमेरिकन ड्रम कोअरमध्ये मात्र उलटे चित्र दिसते. तिथे ड्रम आता छातीवरच्या चौकटीत अगदी सपाट असतो, तरी बहुतेक पथकांचा डावा हात अजून जुन्याच रीतीचा आहे.

आपल्याकडच्या वाद्यांना हा न्याय लावून पाहावा. ताशा गळ्यातून पोटावर सपाट टांगतात, म्हणून ताशेवाल्याच्या दोन्ही काड्या सारख्याच धरलेल्या असतात. संबळ कमरेला समोर बांधतात, तिथेही वरूनच प्रहार. हलगी मात्र डाव्या हातानेच पेलायची असते, म्हणून त्या हाताच्या बोटांत लांब, बारीक काडी येते आणि उजव्यात आखूड, जाड. वाद्य अंगावर कसे बसले आहे, त्यावरच प्रत्येक हाताने आपला मार्ग काढलेला दिसतो.

म्हणून शाळेच्या बँडपथकांना शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. मुलांच्या हातात काड्या देण्याआधी साइड ड्रमचा पट्टा आणि त्याचा उतार पाहा. ड्रम मांडीशी तिरका लोंबत असेल, तर डावा हात फिरवून धरायला खुशाल शिकवा. तो समोर सपाट असेल, तर दोन्ही हात सारखे ठेवा. दोन्ही रीतींत अंगठ्याजवळचा टेकू तेवढा पक्का असू द्या, बाकीची बोटे सैल राहू द्या, आणि काडी निसटते म्हणून मुलाला ‘घट्ट धर’ असे सांगू नका.