काश्मीर शैव तंत्राचा अभ्यास आणि त्यात जपला गेलेला बौद्ध पूर्वपक्ष

मालाडच्या दक्षिणेला जोगेश्वरीची आणि उत्तरेला बोरिवलीतील मंडपेश्वरची शैव लेणी आहेत. दोन्ही साधारण सहाव्या शतकातली, पाशुपत पंथाशी जोडली जाणारी. जवळच उद्यानाच्या डोंगरात कान्हेरीला त्याच काळात भिक्खुसंघ नांदत होता. ही शैव लेणी पाहून अनेकजण त्यांना ‘अद्वैता’ची म्हणतात, ते चूक आहे. पाशुपत मत द्वैती होते. शैव अद्वैताची तर्कशुद्ध मांडणी पुढे काश्मिरात नवव्या-दहाव्या शतकांत झाली.

तिच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात मात्र बरीचशी मुंबई-पुण्यातून झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले गेओर्ग ब्यूलर 1875 मध्ये हस्तलिखितांच्या शोधात काश्मिरात गेले. त्यांचा अहवाल 1877 मध्ये मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने छापला. त्यांनी आणलेल्या पोथ्या, त्यांत भूर्जपत्रावरच्याही, आज पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहेत. पुढे काश्मीर संस्थानाने 1911 पासून काढलेल्या ग्रंथमालेतील अनेक खंड मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापले गेले.

यात आपला काय संबंध? संबंध थेट आहे. दहाव्या शतकातील उत्पलदेवाची ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका’ उघडा. पहिल्या अधिकाराच्या दुसऱ्या आह्निकात बौद्ध बोलतो. तो विचारतो, ज्ञानाचे क्षण एकामागून एक येतात, त्यांच्यामागे कायमचा आत्मा दिसतो कुठे? आठवण कशी राहते, तर आधीच्या अनुभवाच्या संस्कारामुळे. मग आत्मा हवाच कशाला? ही सातव्या शतकातील धर्मकीर्तीच्या परंपरेची भाषा आहे. उत्पलदेव तिला टाळत नाही, चेष्टाही करत नाही. उत्तर देताना तो धर्मकीर्तीचीच हत्यारे वापरतो. इटालियन अभ्यासक राफाएले तोरेल्ला यांनी 1994 च्या आपल्या आवृत्तीत हे ऋण तपशीलवार दाखवले आहे. अभिनवगुप्ताने याच ग्रंथावर दोन मोठ्या टीका लिहिल्या. ज्या धर्मकीर्तीच्या ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत पोथी शोधायला राहुल सांकृत्यायनांना तिबेट गाठावे लागले, त्याचा विचार इथे प्रतिपक्षाच्या ग्रंथात जिवंत राहिला.

तंत्रग्रंथांच्या बाबतीत चित्र उलटे आहे, आणि ते आपल्याला रुचेलच असे नाही. ऑक्सफर्डचे अ‍ॅलेक्सिस सँडरसन यांनी शैव आणि बौद्ध पाठ शेजारी ठेवून दाखवले की ‘लघुचक्रसंवर’सारख्या बौद्ध योगिनीतंत्रांत कित्येक उतारे शैव ग्रंथांतून आलेले आहेत. त्याआधी बिनयतोष भट्टाचार्य नेमके उलट सांगत होते, हिंदूंनी तंत्र बौद्धांकडून उचलले. काही विद्वान दोघांचा समान पाया मानतात. ‘सगळे आमचेच चोरले’ हे भाषणात टाळ्या घेते, पण पाठभेदांपुढे टिकत नाही. सँडरसन यांना खोडायचे असेल तर पोथ्या वाचूनच खोडावे लागेल.

महाराष्ट्रात या परंपरेचा धागा ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’त सापडतो. तिसऱ्या प्रकरणात ते शिवसूत्राचा नावाने उल्लेख करतात.

संस्कृत थोडेफार येणाऱ्यांनी उत्पलदेवाचे दुसरे आह्निक आधी वाचावे, मग लगेच तिसरे. तिसऱ्यात त्याचे उत्तर आहे: संस्कारातून आठवण उठेल, पण ‘हे मीच अनुभवले होते’ हे तिला कुठून कळणार? यावर धर्मकीर्तीच्या बाजूने काय म्हणता येईल, ते अभ्यासवर्गात मांडून पाहावे.